‘पुन्हा सांगा’ म्हणण्याचा हक्क



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. खासगी वैमानिक आणि जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणारा नियंत्रक, या दोघांच्या बोलण्यात होणारे घोटाळे हा आमचा विषय आहे. कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, ठेकेदारीवर बोलावे. विमानाशी त्याचा संबंध काय, असे कोणीही विचारील. विचारणे रास्तच आहे आणि त्याचे उत्तर आधी दिले पाहिजे.

आमचे शाळेतले शिक्षण फारसे झाले नाही. जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर वाचनालयात बसून आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून. कारखान्यात अपघात झाला म्हणजे जखमी माणसाची बाजू मांडावी लागते आणि ती मांडायची तर चौकशीचे अहवाल वाचावे लागतात. त्या निमित्ताने रेल्वेचे, खाणींचे, विमानांचे अहवालही आम्ही वाचू लागलो. तेव्हा ध्यानात आले की अपघाताची अशी नीट, पानोपानी आणि सेकंदासेकंदाची उलटतपासणी विमानाच्या धंद्याइतकी क्वचितच कोठे होते. कोण काय बोलला, कोणी काय ऐकले, हे तिथे यंत्रावर मुद्रित झालेले असते. आमच्या कारखान्यात मात्र ‘त्याने ऐकले नाही’ एवढ्या तीन शब्दांत चौकशी आटोपते. म्हणून म्हटले, जिथे बोलण्याचा हिशेब ठेवला जातो तिथून काही शिकावे.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. मुरबाडहून माळशेज घाट चढून गेले की जुन्नर तालुका लागतो. तिथल्या डोंगरांत, सरकारी इंग्रजी कागदांत ‘दावंड्याची हिल’ म्हणून नोंदलेल्या एका माथ्यावर, ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्र उलटून दहाएक मिनिटे झाली असताना एक मोठे जेट विमान आदळले. अलितालिया या इटालियन कंपनीचे ते डीसी-८ जातीचे विमान. सिडनीहून निघालेले, बँकॉकहून मुंबईला येत होते आणि पुढे रोमला जायचे होते. ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी, असे सर्वच्या सर्व ९४ जण गेले. मुंबईचा विमानतळ तिथून सुमारे ८४ किलोमीटर दूर होता.

चौकशीचा निष्कर्ष असा की, आपण मुंबईच्या अगदी जवळ आलो आहोत अशी वैमानिकाची समजूत झाली होती आणि त्या समजुतीने तो वेळेआधीच खाली उतरू लागला. आपले नेमके ठिकाण तपासण्याची जी साधने होती ती त्याने वापरली नाहीत, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली नाही आणि खालच्या मुलखाची त्याला ओळख नव्हती, असेही त्यात नमूद आहे. रात्रीची वेळ, पावसाळ्याचे दिवस. वैमानिकाच्या मनात खाली मुंबईची सपाटी होती आणि प्रत्यक्षात खाली सह्याद्री होता. आपल्या शहापूर तालुक्यातला आजोबाचा डोंगर सुमारे साडेचार हजार फूट उंच आहे. ज्याने तो पाहिला आहे त्याला, काळोखात त्याहून खाली येऊन या बाजूने फिरणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

आता यात बोलण्याचा प्रश्न कोठे येतो ते पाहा. जमिनीवर बसलेल्या नियंत्रकाला विमान डोळ्यांनी दिसत नाही. रडार असेल तर पडद्यावर ठिपका दिसतो. नसेल तर वैमानिक जे सांगेल तेच विमानाचे ठिकाण. म्हणजे सांगणाऱ्याची समजूत चुकली की ऐकणाऱ्याच्या मनातले चित्रही तेवढेच चुकते, आणि दोघेही अगदी सभ्यपणे, नियमातल्या शब्दांत, एका चुकीच्या चित्राविषयी बोलत राहतात. भांडण झाले असते तर कदाचित उलगडा झाला असता. एकमताने झालेली चूक उलगडत नाही.

हे झाले मोठ्या कंपनीच्या विमानाचे. त्यात एकाहून अधिक वैमानिक असतात. एक चालवतो, दुसरा बोलतो. एकाचे चुकले तर दुसऱ्याच्या लक्षात येण्याची आशा असते. पण लहान विमानात एकटाच बसलेला जो माणूस, त्याचे काय?

खासगी वैमानिक म्हणजे पगार घेऊन विमान चालवण्याचा परवाना ज्याला नाही तो. आपल्या देशात वयाची १७ वर्षे पुरी झाली आणि निदान ४० तासांचे उड्डाण झाले की, परीक्षा देऊन हा परवाना मिळू शकतो. त्यात हौशी श्रीमंत असतात. तसाच पुढे नोकरी मिळेल या आशेने, बापाने शेत गहाण टाकून किंवा बँकेचे कर्ज काढून शिकायला धाडलेला मुलगाही असतो. श्रीमंताच्या विमानाची वकिली करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. परंतु आकाशात श्रीमंती चालत नाही. तिथे एकट्या माणसाची अडचण ती एकट्या माणसाचीच अडचण.

या धंद्याची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली. १९२८ साली जुहूचे मैदान सुरू झाले आणि तिथल्या फ्लाइंग क्लबात शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळवला. भारतात दिलेला तो पहिला परवाना होय. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, तेव्हा त्यांच्या त्या लहानशा विमानात रेडिओ नव्हता. बोलायचे कोणाशी आणि कशासाठी? आकाश रिकामे होते. बैलगाडीच्या वाटेवर सिग्नल लागत नाही, तसे ते दिवस होते.

मग सांताक्रूझचा मोठा विमानतळ झाला आणि जुहूपासून तो इतका जवळ की वरून पाहणाऱ्याला दोन धावपट्ट्या शेजारीशेजारी दिसाव्यात. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. त्यानंतर १९ वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ रोजी, जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान तसेच चुकून जुहूला उतरले आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेले; ते पुन्हा वापरण्याजोगे राहिले नाही. ‘धावपट्टी दिसली’ असे म्हटल्याने भागत नाही. कोणती धावपट्टी दिसली, हे दोघांच्या मनात एकच असावे लागते. सरावलेल्या वैमानिकांची ही गत, तर नवशिक्याचे काय होत असेल याची कल्पना करावी.

आता हे बोलणे चालते कसे ते थोडक्यात सांगतो. टेलिफोनवर दोघे एकाच वेळी बोलू शकतात आणि एकमेकांना अडवू शकतात. विमानाच्या रेडिओत तसे नाही. बटण दाबले की बोलता येते, सोडले की ऐकू येते. बोलत असताना ऐकता येत नाही. शिवाय एका भागातली सारी विमाने आणि त्यांचा नियंत्रक एकाच लहरीवर असतात. दोघांनी एकाच वेळी बटण दाबले तर बाकीच्यांना कर्कश शिटी तेवढी ऐकू येते आणि त्या दोघांना पत्ताच नसतो. दोघांनाही वाटते की आपले बोलणे पोहोचले. एखाद्याचे बटण अडकले तर सगळ्यांचेच तोंड बंद. पुन्हा या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की आवाज तुटतो. मोठे विमान उंचावर असते, त्याला ही अडचण कमी. लहान विमान खालून जाते आणि ते डोंगराच्या आड गेले की नेमके गरजेच्या वेळी मुके आणि बहिरे होते.

त्यात नियंत्रक एका दमात सांगतो: अमुक दिशेला वळा, अमुक उंचीवर या, हवेचा दाब अमुक, आता अमुक लहरीवर अमक्याशी बोला. एका वाक्यात चार आकडे. त्या मुलाच्या एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात इंजिनाची दांडी, मांडीवर नकाशा, समोर ढग. कागदावर लिहावे तर हात मोकळा नाही. शिकवताना त्याला सांगितलेले असते की आधी विमान सांभाळ, मग वाट सांभाळ आणि मग बोल. क्रम अगदी बरोबर आहे. पण पलीकडून उत्तर मागणारा आवाज घाईत असला म्हणजे तो क्रम उलटा होतो आणि पोरगा विमान सोडून बोलणे सांभाळू लागतो.

या चार आकड्यांपैकी हवेच्या दाबाचाच घ्या. विमानातले उंची दाखवणारे यंत्र वास्तविक हवेचा दाब मोजते. त्या दिवशीचा दाब त्यात भरला तरच ते खरी उंची सांगते. आपल्याकडे तो हेक्टोपास्कल या मापात सांगतात, अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे जवळजवळ ३० फुटांची चूक. ‘नऊ नऊ दोन’ असे तीन अंक कानी आले आणि इंचांची सवय असलेल्या माणसाने ते २९.९२ इंच समजून भरले, तर फरक पडतो २१ हेक्टोपास्कलांचा. यंत्र दाखवते त्याहून विमान सुमारे ६०० फूट खाली असते. आकडे तिन्ही बरोबर ऐकले, तरी अर्थ चुकला. ऐकणे आणि समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत त्या अशा.

मलेशियात क्वालालंपूरजवळ १९ फेब्रुवारी १९८९ रोजी घडले ते याहून सोपे आणि याहून भयंकर आहे. फ्लाइंग टायगर कंपनीचे मालवाहू बोइंग ७४७ उतरत होते. नियंत्रकाने सांगितले, दोन चार शून्य शून्य, म्हणजे २४०० फुटांवर या. इंग्रजीत ‘दोन’ला ‘टू’ म्हणतात आणि ‘पर्यंत’ या अर्थीही ‘टू’च म्हणतात. वैमानिकाने ऐकले, चार शून्य शून्यपर्यंत या. त्याने उत्तर दिले, ‘ठीक, चार शून्य शून्य.’ ते चुकीचे उत्तर नियंत्रकाच्या कानावर गेले, पण त्याने ते दुरुस्त केले नाही. विमान सुमारे ४३७ फूट उंचीवर टेकडीला धडकले आणि चौघेही कर्मचारी मरण पावले. येथे वैमानिकाने आपले कर्तव्य केले होते. ऐकलेले परत म्हणून दाखवले होते. परत म्हटलेले ऐकायचे काम राहून गेले.

मंडळी, आमच्या मते या विषयाचे मर्म येथे आहे. निरोप सांगितला म्हणजे संपला असे नाही. ऐकणाऱ्याने तो परत म्हणावा, आणि सांगणाऱ्याने ते परत म्हणणे कान देऊन ऐकावे, तेव्हा निरोप पुरा होतो. हे तत्त्व आपल्याला नवे नाही. आसनगाव-कसाऱ्याच्या लोकांना रेल्वे ठाऊक आहे. फाटक बंद केल्यावर गेटमन स्टेशनमास्तरला नुसते ‘बंद केले’ म्हणत नाही. खासगी नंबर देतो. तो नंबर ऐकून लिहून घेतला जातो, मग गाडीला वाट मिळते. कसाऱ्याला घाट चढताना गाडीला मागून बँकर इंजिन लागते. पुढचा आणि मागचा ड्रायव्हर यांच्यात इशारा गेला आणि उलट इशारा आला, तरच दोघे मिळून जोर लावतात. शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलेली ही शिस्त कोणा पंडिताने शोधलेली नाही. रक्त सांडून शिकलेली आहे.

विमानाच्या भाषेत ‘रॉजर’ असा एक शब्द आहे. सिनेमामुळे तो पोरासोरांनाही माहीत झाला आहे. त्याचा अर्थ एवढाच की, तुमचे बोलणे माझ्यापर्यंत पोहोचले. समजले असा त्याचा अर्थ नाही. तसे करतो असाही नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात होते. विमानातले दिशा दाखवणारे एक यंत्र बंद होते. आपण माँ ब्लाँ शिखराच्या बाजूने पुढे निघालो आहोत, अशी वैमानिकाची समजूत झाली आणि त्याने तसे कळवले. रडारवरच्या नियंत्रकाला ती चूक दिसली. त्याने सांगितले की, माँ ब्लाँ अजून पाच मैल आहे. वैमानिकाने उत्तर दिले, ‘रॉजर’, आणि उतरणे चालू ठेवले. विमान शिखराच्या अंगावर गेले. ११७ माणसे गेली आणि त्यांत डॉ. होमी भाभा होते. फ्रेंच चौकशीने नमूद केले की, दुरुस्ती सांगितली गेली होती, पण पुरेशा नेमक्या शब्दांच्या अभावी ती वैमानिकाला उलगडली नाही. ‘तुम्ही शिखर ओलांडलेले नाही, खाली येऊ नका’ एवढे दोन तुकडे कोणी उच्चारले असते तर? नियंत्रकाला वाटले आपण सांगितले. वैमानिकाला वाटले आपण समजलो. मध्ये पाच मैलांचे अंतर होते आणि एका शब्दाचे.

आता भाषेचा प्रश्न. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे मेली. एक सौदी अरेबियाचे, एक कझाकस्तानचे. दोघांना उंची नेमून दिलेली होती. कझाक विमान नेमल्या उंचीहून खाली आले. चौकशीत त्या वैमानिकांचे इंग्रजीचे ज्ञान हा मोठाच मुद्दा झाला. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भाषेच्या सहा पायऱ्या ठरवल्या आणि निदान चौथ्या पायरीइतके इंग्रजी आले पाहिजे, असा दंडक ५ मार्च २००८ पासून लागू केला. नियम चांगला आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंग्रजी न येणारा जसा घोटाळा करतो, तसाच इंग्रजी फार येणाराही करतो. तो भरभर बोलतो, शब्द गिळतो, ठरलेला शब्द टाकून घरगुती शब्द वापरतो. परीक्षा मात्र एकट्या नवशिक्याची होते.

या बाबतीत कॅनडातली एक हकीकत कामगार चळवळीच्या माणसाने सांगितलीच पाहिजे. क्वेबेक प्रांतात लोक फ्रेंच बोलतात. लहान विमाने उडवणारे तिथले खासगी वैमानिकही फ्रेंच, आणि मनोऱ्यातला नियंत्रकही पुष्कळदा फ्रेंच. पण दोघांनी एकमेकांशी बोलायचे ते इंग्रजीतच. १९७४ पासून काही लहान विमानतळांवर लहान विमानांना फ्रेंचमध्ये बोलण्याची परवानगी मिळाली. ती वाढवण्याचे ठरताच देशभरातल्या नियंत्रकांच्या आणि वैमानिकांच्या संघटनांनी विरोध केला आणि जून १९७६ मध्ये, माँट्रियलच्या ऑलिंपिकच्या तोंडावर, विमाने बंद पाडली. सुरक्षिततेचा प्रश्न आहे, असे त्यांचे म्हणणे. क्वेबेकच्या मंडळींनी आधीच आपली निराळी संघटना काढली होती. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १९७९ साली त्या आयोगाने निकाल दिला की, दोन्ही भाषांत नियंत्रण चालवण्याने सुरक्षितता धोक्यात येत नाही.

संप करणारे आमचेच बंधू होते, पण येथे आमचे मत आयोगाच्या बाजूचे आहे. एकाच लहरीवर सगळ्यांना सगळ्यांचे बोलणे कळावे, हा त्या संघटनांचा मुद्दा पोकळ नव्हता. दुसऱ्या विमानाला काय सांगितले हे कळले तर तिसरा सावध होतो. परंतु संकटाच्या क्षणी माणूस आपल्या आईच्या भाषेत विचार करतो, ही गोष्टही तेवढीच खरी. म्हणून आम्ही असे म्हणत नाही की उद्यापासून मुंबईच्या मनोऱ्याने मराठीत बोलावे. अनेक देशांची विमाने जिथे येतात तिथे एक समान भाषा लागणारच. आमचे म्हणणे एवढेच की, खेड्यातून आलेल्या मुलाला त्या भाषेत आधी अडखळण्याची मुभा असावी. अडखळणाऱ्याला हसणारा माणूस अपघाताची तयारी करीत असतो.

येथून आम्ही शेवटच्या आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठ्या अडचणीकडे येतो. ती कानाची नाही, भाषेची नाही. ती भीतीची आहे.

आमच्याच भागातल्या एका कारखान्यात घडलेली गोष्ट. क्रेनने लोखंडी भार उचलला होता. परप्रांतातून चार दिवसांपूर्वी आलेला ठेकेदाराचा एक मजूर साखळीपाशी उभा होता. सुपरवायझर लांबून ओरडला, ‘सोड!’ त्याच्या मनात होते, ते काम राहू दे, इकडे ये. मजुराने ऐकले, साखळी सोड. त्याने सोडली आणि त्याच्या पायाचा चेंदा झाला. चौकशीत लिहिले गेले की, मजुराने सूचना नीट ऐकली नाही. आम्ही विचारले की, हा शब्द त्याला कळतो की नाही हे कोणी तपासले होते काय? त्याने तो परत म्हणून दाखवावा असा नियम होता काय? आणि तिसरा प्रश्न आम्ही त्या मजुरालाच इस्पितळात विचारला की, बाबा, शंका आली होती तर विचारले का नाहीस? तो म्हणाला, ‘साहेब चिडले असते.’

मंडळी, वैमानिकाचे नेमके हेच होते. मनोऱ्यातला आवाज त्याला साहेबाचा वाटतो. लहरीवर बाकीचे वैमानिक ऐकत असतात; आपले अज्ञान चारचौघांत उघडे पडेल याची त्याला लाज वाटते. म्हणून अर्धवट ऐकले तरी तो ‘रॉजर’ म्हणून मोकळा होतो. मोठेही याला अपवाद नाहीत. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे विमान न्यूयॉर्कवर घिरट्या घालीत होते. इंधन संपत आले होते. वैमानिकांनी ‘आम्हांला प्राधान्य द्या’ असे सांगितले, पण ‘आणीबाणी’ हा ठरलेला शब्द उच्चारला नाही. नियंत्रकांना प्रसंगाची निकड कळली नाही. इंधन संपून विमान पडले, १५८ पैकी ७३ माणसे मेली. मदत मागण्यासाठी ‘मे डे’ हा शब्द आहे. तो तीनदा उच्चारला की बाकीच्या सर्वांनी गप्प बसून त्या एकाला वाट द्यायची, असा नियम आहे. पण तो शब्द तोंडातून निघत नाही. पुढे कागदपत्रे होतील, जाब विचारतील, परवाना जाईल, ही धास्ती.

विमानाच्या ठरलेल्या भाषेत तीन शब्द आम्हांला फार आवडले. एक, ‘पुन्हा सांगा’. दुसरा, ‘थांबा’. तिसरा, ‘जमणार नाही’. वैमानिक कितीही लहान असो, नियंत्रकाची सूचना त्याच्या विमानाला धोक्याची वाटली तर तो ‘जमणार नाही’ असे म्हणू शकतो आणि ते नियमातच आहे. कामगार चळवळीने दीडशे वर्षे झगडून जे मिळवायचा प्रयत्न केला ते या तीन शब्दांत आहे. परंतु हक्क पुस्तकात असणे निराळे आणि जिभेवर असणे निराळे. शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी विमान वळवण्याबरोबर हे तीन शब्द उच्चारायला शिकवले पाहिजेत.

नियंत्रकाची बाजूही आम्ही विसरत नाही. तो साहेब नव्हे. पाळीवर काम करणारा माणूस आहे. एका वेळी अनेक विमाने त्याच्या डोक्यात फिरत असतात. त्याला झोप अपुरी, माणसे कमी, यंत्रे जुनी असली तर त्याचा आवाज घाईचा होणारच. दमलेला माणूस चुकीचे उत्तर ऐकूनही ऐकत नाही, कारण त्याला जे ऐकायचे असते तेच त्याला ऐकू येते. तेव्हा ‘नीट ऐका’ असा उपदेश करून भागत नाही. नीट ऐकता येईल इतकी विश्रांती त्याला द्यावी लागते. वैमानिकाचा जीव नियंत्रकाच्या कामाच्या तासांवर अवलंबून आहे. हे दोघे एकमेकांच्या कारणी लागतात, एकमेकांच्या विरुद्ध नाहीत.

मग उपाय काय? एक मोठा उपाय अमेरिकेने फार किंमत मोजून शोधला. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे विमान वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळून ९२ माणसे मेली. नियंत्रकाने उतरण्याच्या मार्गाला परवानगी दिली होती. वैमानिकाला वाटले, आता खाली जायला हरकत नाही. नियंत्रकाला वाटले, उंचीची काळजी वैमानिक घेईल. आणि चौकशीत उघड झाले की, सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. ती वार्ता तिच्या चार भिंतींबाहेर गेली नाही. त्यानंतर १९७६ साली तिथे अशी व्यवस्था झाली की, वैमानिक, नियंत्रक किंवा यांत्रिक यांनी आपली अथवा दुसऱ्याची चूक नाव गुप्त ठेवून कळवावी. ती कागदपत्रे सांभाळते ‘नासा’, म्हणजे ना मालक ना शिक्षा करणारे खाते. खासगी वैमानिकही तिथे लिहितात. जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्याला तिथे माफी नाही; पण प्रामाणिक चूक वेळेत सांगणाऱ्याला दंडापासून संरक्षण आहे. चूक सांगणाऱ्याला चोर ठरवले नाही की चुका आपोआप उजेडात येतात.

आपल्याकडेही काही पावले पडत आहेत. वैमानिकाचा परवाना एका खात्याकडे आणि रेडिओवर बोलण्याचा परवाना दूरसंचार खात्याकडे, अशी वर्षानुवर्षांची दुहेरी रचना होती. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने रेडिओचा परवानाही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे दिला. जो उडवायला शिकवतो त्यानेच बोलायलाही तपासावे, हे योग्यच झाले. आता ती परीक्षा पाठांतराची न राहता ऐकण्याची आणि विचारण्याची व्हावी, अशी आमची अपेक्षा आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आहे. आपल्या डोक्यावरचे आकाश आणखी गजबजणार आहे. १९६२ सालच्या त्या रात्री जे डोंगर होते तेच आजही आहेत. ते कोणासाठी बाजूला सरकणार नाहीत.

हे सारे विमानापुरते नाही, हे आपण ओळखलेच असेल. तलाठ्याच्या कचेरीत, दवाखान्यात औषधाची चिठ्ठी घेताना, यंत्रावर नवा मुलगा उभा करताना, सर्वत्र एकच प्रश्न आहे. सांगणारा वर आणि ऐकणारा खाली असला की ऐकणारा मान डोलावतो. त्या मान डोलावण्यावर ज्याने विसंबू नये तो शहाणा. उद्या आपल्या हाताखाली कोणी काम करीत असेल तर त्याला सांगून झाल्यावर विचारा, ‘काय समजलास ते मला सांग.’ आणि त्याने ‘पुन्हा सांगा’ म्हटले, तर कपाळाला आठी न घालता पुन्हा सांगा. दहा सेकंद जातात, माणूस राहतो.

आता प्रश्न विचारावेत; जे आमच्या बोलण्यात स्पष्ट झाले नसेल ते पुन्हा सांगण्याची आमची तयारी आहे.